प्लानित्सा : विक्रमाआधी उतार

३० मार्च २०२५ रोजी स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेवत्सने आपल्याच देशातल्या प्लानित्साच्या दरीत २५४.५ मीटरची झेप घेतली आणि स्की फ्लाइंगचा, म्हणजे पायांना स्की बांधून मोठ्या बर्फाळ उतारावरून लांबच लांब उडी घेण्याच्या खेळाचा, जागतिक विक्रम पुन्हा या दरीत आला. बातम्यांमध्ये नाव खेळाडूचं येतं आणि ते योग्यच आहे. पण या खेळात उतार बांधणाऱ्याचा वाटाही तितकाच मोठा असतो, आणि प्लानित्साचा इतिहास वाचताना ते पानोपानी जाणवतं.

इथला पहिला मोठा उतार १९३४ सालचा. त्याला आकार दिला स्टँको ब्लौडेक या अभियंत्याने. हा माणूस मुळात विमानांचे आराखडे करणारा. त्याच वर्षी नॉर्वेच्या बिर्गर रूडने तिथे ९२ मीटर गाठले. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला एवढे मोठे उतार मान्य नव्हते. ही उडी खेळ न राहता जिवावरचं धाडस होईल, ही त्यांची धास्ती. ती खोटी नव्हती, पण ब्लौडेक मागे हटला नाही. १५ मार्च १९३६ रोजी ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडलने १०१ मीटर पार केले. माणूस स्कीवर शंभर मीटरच्या पुढे गेला तो इथेच, आणि ब्राडल तेव्हा १८ वर्षांचा होता.

उताराचं एवढं महत्त्व का, तर खेळाडू फार उंचावरून जात नाही. खालचा उतार त्याच्या उड्डाणाच्या रेषेला समांतर वळवलेला असतो, त्यामुळे तो बर्फाच्या काही मीटर वरूनच सरकत जातो आणि तिरक्या उतारावर टेकतो. जिथे उतार सपाट व्हायला लागतो, तिथून पुढे टेकलं की सगळा धक्का गुडघ्यांवर येतो. म्हणून लांब उडीला नुसती ताकद पुरत नाही, आधी कुणीतरी डोंगर तसा कापावा लागतो.

ते काम व्लाडो आणि यानेझ गोरिशेक या भावांनी केलं. त्याच दरीत त्यांनी नवा, खास फ्लाइंगसाठीचा उतार बांधला आणि मार्च १९६९ मधल्या पहिल्याच स्पर्धेत विक्रम पाच वेळा नोंदला गेला. शेवटचा आकडा पूर्व जर्मनीच्या मानफ्रेड वोल्फचा, १६५ मीटर. १९७२ ची पहिली स्की फ्लाइंग जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इथेच झाली.

१९८० च्या दशकात महासंघाने पुन्हा लगाम खेचला : १९१ मीटरपलीकडचं अंतर धरायचंच नाही. पोलंडच्या पिओत्र फियासने १९८७ मध्ये मारलेल्या १९४ मीटरच्या उडीला त्यामुळे बराच काळ मान्यता मिळाली नाही. याच सुमारास स्वीडनच्या यान बोक्लेव्हची स्की ‘व्ही’सारखी फाकवण्याची पद्धत आली. परीक्षक तिचे गुण कापत, पण हवेचा आधार तिच्यात जास्त मिळे, म्हणून काही वर्षांत सगळ्यांनी ती उचलली.

मग १७ मार्च १९९४. आंद्रेआस गोल्डबर्गर २०२ मीटरवर उतरला, पण त्याचा हात बर्फाला लागला. उडी पायांवर सावरली नाही तर विक्रम नाही. त्याच दिवशी फिनलंडच्या टोनी निएमिनेनने २०३ मीटर मारले आणि तो उभा राहिला. वय पुन्हा १८!

२००५ मध्ये ब्योर्न आइनार रोमोरेन इथे २३९ मीटरपर्यंत गेला. त्यानंतर नॉर्वेने विकरसुंडचा उतार वाढवला आणि २०११ पासून विक्रम तिकडे गेला. तिथे अडीचशे मीटर सर्वप्रथम गाठणारा पीटर प्रेवत्स, म्हणजे डोमेनचा थोरला भाऊ. महिलांचा २३६ मीटरचा विक्रमही विकरसुंडचाच, मार्च २०२५ मधला, आणि तो त्यांच्या बहिणीचा, निकाचा. एका घरात इतकं!

जपानच्या र्‍योयू कोबायाशीने एप्रिल २०२४ मध्ये आइसलंडमध्ये खास तयार केलेल्या उतारावर २९१ मीटरची उडी मारली. महासंघाने ती विक्रम म्हणून धरली नाही. उडी थक्क करणारी आहे, तरी मला हा निर्णय पटतो. एकासाठी घडवलेल्या उतारावरचा आकडा, सगळ्यांनी एकाच नियमाखाली झेप घेतलेल्या उतारावरच्या आकड्याशेजारी मांडता येत नाही.