जुना ट्रॅक्टर एवढा का ओरडतो?

गळीत हंगामात शिरोळ-हातकणंगले भागातून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत निघालेला ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. त्यातला बराचसा आवाज टेपवरच्या गाण्यांचा असतो, हे मान्य. पण गाणी बंद केली तरी केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी ९० ते १०० डेसिबल आवाज सहज भरतो. जुनं मशीन ओरडणारच, असं म्हणून आपण सोडून देतो. खरं तर बहुतेक वेळा तो आवाज म्हणजे कुठंतरी चाललेली झीज असते. ती सापडली की ट्रॅक्टर शांतही होतो आणि चार हंगाम जास्त चालतोही.

आधी डेसिबलचा हिशेब. तो आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा चालत नाही. समजा सायलेन्सरचा आवाज ९५ आणि मडगार्डचा खडखडाट ८५ डेसिबल आहे. दोन्ही मिळून १८० होत नाहीत, जेमतेम ९५.४ होतात. म्हणजे दिवसभर राबून मडगार्ड गप्प केला तरी कानाला फरक कळणार नाही. उलट सायलेन्सर ८५ वर आणला तर एकूण आवाज ८८ वर येतो. म्हणून सगळ्यात मोठा आवाज आधी धरायचा. फरक लहान वाटेल, पण कानासाठी तो लहान नाही. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये ८ तास काम चालतं, ८८ मध्ये ४ तास, आणि ९४ ला पोचलात की फक्त १ तास. आपल्याकडं नांगरट एका तासात कुठली उरकते?

सायलेन्सर आतून कुजतो, कारण डिझेल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर डिझेलमागं जवळपास लिटरभर. इंजिन तापलेलं असलं की त्याची वाफ निघून जाते. ट्रॅक्टर सुरू करून पाच मिनिटांत बंद करायची सवय असेल तर ते पाणी नळकांड्यातच साचतं आणि पत्रा खातं. आतले कप्पे आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मारण्यासाठी असतात. ते गळून पडले की बाहेरून धडधाकट दिसणारा सायलेन्सर नुसता पाइप उरतो. हौसेनं कप्पे कापून घेणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

यानंतर इंजिनाची टकटक. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण फवारा आणि पेट यांच्यात क्षणाचा उशीर असतो, साधारण हजारांश सेकंदाचा. तेवढ्या वेळात साठलेलं डिझेल एकदम भडकतं, तीच टकटक. थंडीत सकाळी ती जास्त ऐकू येते, कारण हवा गार असली की उशीर वाढतो. तापल्यावरही ती कमी झाली नाही, तर डिझेल फवारणारं नोझल गळतंय किंवा पंपाचं टायमिंग पुढं सरकलंय, म्हणजे फवारा वेळेआधी होतोय. कुठलं सिलिंडर, ते शोधायला जुने मेस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचं नट किंचित सैल करतात. ज्याचं सैल केल्यावर टकटक थांबते, तो दोषी. हे करताना हात आणि डोळे लांब ठेवा. त्या दाबातलं डिझेल कातडीत घुसतं. टायमिंगचं काम मात्र पंप टेस्ट करणाऱ्याकडंच द्यावं.

उरला खडखडाट. ट्रॅक्टरला बहुधा मोटारीसारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचं डिफरेन्शियल, हे ओतीव डबे एकमेकांना बोल्टनं आवळले की तोच कणा. १९१७ च्या फोर्डसननंतर ही बांधणी जगभर रुळली. दणकट खरी, पण इंजिनाचा धक्का अडवायला मध्ये रबर नाही. तो सरळ मडगार्डच्या पत्र्यात जातो. ज्या वेगाला पत्रा वाजतो, त्या वेगाला त्यावर तळहात दाबून बघा. आवाज मेला, तर तिथं आतून जड डांबरी शीट चिकटवायचं. बोनेटखाली स्पंज कोंबण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. तीन सिलिंडरचं इंजिन १५०० फेऱ्यांना सेकंदाला साडेसदतीस वेळा पेटतं. त्या घुमणाऱ्या आवाजाची एक लाट नऊ मीटर लांब असते. इंचभर स्पंज तिला काय अडवणार? वर डिझेल प्यायला तर पेटायची भीती.

फोर व्हील ट्रॅक्टरचं, म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जाते त्याचं, एक वेगळं दुखणं आहे आणि ते टायरच्या दुकानात सुरू होतं. पुढची चाकं लहान असल्यानं गिअर असे बसवलेले असतात, की ती मागच्यांपेक्षा एक ते पाच टक्के पुढं धावावीत. त्यामुळं पुढची चाकं ओढीला लागतात. राधानगरीच्या चिखलणीत हा फरक घसरण्यात जिरतो. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग शाफ्ट पिळतात, पुढून घुंई असा आवाज येतो आणि फोर व्हीलचा लिव्हर निघता निघत नाही. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो.

मागच्या ६५ सेंटिमीटर त्रिज्येच्या टायरची नक्षी तीन सेंटिमीटर झिजली, तर घेर साडेचार टक्क्यांनी घटतो. त्यात पुढं नवे टायर घातले, की तीन टक्क्यांचा फरक आठाच्या घरात जातो. मोजायला खडू पुरतो. चारही चाकांवर खुणा करा, सपाट रानात रिकामा ट्रॅक्टर सरळ चालवा आणि मागच्या चाकाच्या दहा फेऱ्यांत पुढचं किती फिरतं ते मोजा, एकदा लिव्हर काढून, एकदा टाकून. पहिल्यांदा साडेचौदा आणि नंतर पंधरा आले, तर फरक साडेतीन टक्के, म्हणजे ठीक.

चिखलणी संपली की पुढच्या अ‍ॅक्सलचा ड्रेन प्लग सकाळी, ट्रॅक्टर हलवायच्या आधी, अलगद सैल करा. सीलमधून पाणी शिरलं असेल तर तेच आधी येतं, कारण ते ऑइलच्या खाली बसतं. ऑइल दुधाळ झालेलं दिसलं तर सील बदलून नवं भरा. बेअरिंग वाजायला लागेपर्यंत थांबलात, तर बिल बेअरिंगवर भागत नाही, गिअरचे दातेही जातात.