रिव्हॉल्व्हर, जुने डबल अ‍ॅक्शन (ग्वाल्हेर)

चाप एकदा ओढला की घोडा मागे जातो, सिलिंडर एक घर (म्हणजे काडतूस बसायचा खण) फिरते आणि घोडा सुटून काडतुसाच्या टोपीवर आदळतो, अशी रचना असलेले, आधीच्या पिढ्यांनी वापरलेले पाच-सहा घरांचे हातातले हत्यार. घोडा चढवणे आणि सोडणे ही दोन्ही कामे एकच चाप करतो म्हणून ते डबल अ‍ॅक्शन. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये दर गोळीला घोडा अंगठ्याने चढवावा लागतो. बहुतेक डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर दोन्ही तऱ्हांनी चालतात. घोडा आधी चढवून ठेवला तर चाप साधारण दीड-दोन किलोच्या ओढीने सुटतो. एका दमात ओढला तर साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत अशी रिव्हॉल्व्हर तीन-तीन पिढ्या सांभाळलेली आढळतात. बोलण्यात ती सगळी ‘विलायती’, मग बनावट इंग्लंडची असो वा अमेरिकेची.

लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने १८५१ मध्ये पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला अंगठा टेकवायला जागाच नव्हती. ते निव्वळ चापावर चाले. फ्रेडरिक बोमाँट या लष्करी अधिकाऱ्याच्या सुधारणेने दोन्ही तऱ्हा एकत्र आल्या आणि १८५६ मध्ये ब्रिटिश सैन्याने बोमाँट-अ‍ॅडम्स स्वीकारले. पुढच्याच वर्षी उठाव पेटला. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरच्या कोटा की सराय इथे लढल्या, त्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असणाऱ्या हत्यारांत हेही होते. १८८७ पासून इंग्लंडच्या वेब्ली कंपनीचे ०.४५५ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे आतले माप, इंचांत) रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याचे अधिकृत हत्यार झाले. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १८७७ मध्ये पहिले डबल अ‍ॅक्शन काढले आणि १८८९ मध्ये बाजूला उघडणारे सिलिंडर आणले. स्मिथ अँड वेसनने १८९६ मध्ये ०.३२ बोअरचे ‘हँड इजेक्टर’ आणि १८९९ मध्ये ०.३८ बोअरचे ‘मिलिटरी अँड पोलीस’ बाजारात आणले. हे दुसरे पुढे ‘मॉडेल १०’ या नावाने साठ लाखांहून अधिक नगांत बनले. कोल्टचे ‘पायथन’ १९५५ चे.

या हत्यारांचे आकर्षण समजायला त्यांच्या पोटात डोकावावे लागते. चाप मागे येऊ लागला की त्याला जोडलेली एक बारीक पोलादी पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवरच्या दातेरी चक्राला ढकलते. त्याच वेळी फ्रेमच्या तळातला खिळा खाली दबून सिलिंडर मोकळे करतो आणि पुढचे घर नळीसमोर येताच वर उसळून खाचेत बसतो. ‘टक्’ असा आवाज येतो तो याचा. घोडा सुटण्याआधी हा आवाज यायलाच हवा. दोन्हींमध्ये सेकंदाचा अगदी लहानसा अंश असतो, आणि ती जुळणी त्या काळी कारागीर कानस आणि दगड घेऊन एकेका नगावर बसवीत. एका नगाची पट्टी दुसऱ्यात घातली तर बहुधा पुन्हा घासूनच बसवावी लागते. जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप हळूहळू ओढताना जो सलग, तेलातून सरकल्यासारखा गुळगुळीतपणा जाणवतो, तो त्या हातांचा आहे. नव्या यंत्रांवर कापलेल्या सुट्या भागांत तो मला क्वचितच सापडला.

कंपनीगणिक स्वभाव वेगळा. कोल्टचे सिलिंडर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, स्मिथ अँड वेसनचे उलट. जुन्या कोल्टमध्ये चाप पूर्ण ओढलेला असताना पट्टी सिलिंडरला खिळ्यावर दाबून धरते, त्यामुळे ते तिजोरीच्या दारासारखे घट्ट बसते. पण तोच दाब पट्टीला झिजवतो आणि काही हजार गोळ्यांनंतर जुळणी ढळू लागते. स्मिथ अँड वेसनमध्ये सिलिंडर किंचित हलते, पण ते जास्त सोसते. वेब्लीचे तत्त्व निराळे. अंगठ्याजवळचा खटका दाबला की नळी पुढे मोडते, म्हणजे बिजागरीवर खाली झुकते, आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर उडतात. घोडागाडीत बसून, अंधारात, घाईत भरायला यासारखे दुसरे नाही. त्याचा दुबळा भाग म्हणजे तोच खटका आणि पुढची बिजागरी.

भारतातील बाजारभावाचे गणित जगाच्या उलटे आहे आणि ते कायद्याने घडवले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांनुसार ०.३८० आणि ०.४५५ बोअरची काडतुसे घेणारी रिव्हॉल्व्हर निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. म्हणजे दोन्ही महायुद्धांत गाजलेली वेब्ली, एनफिल्ड आणि स्मिथ अँड वेसनची ‘व्हिक्टरी’ ही सामान्य परवानाधारकासाठी बंदच. अमेरिकेतले हौशी ज्याला हलके, जुनाट म्हणून बाजूला सारतात, ते ०.३२ बोअर इथे राजा ठरले. त्यातही १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास थांबली. त्यामुळे देशात आधी आलेली ०.३२ ची वेब्ली अँड स्कॉट, कोल्टची ‘पोलीस पॉझिटिव्ह’ आणि स्मिथ अँड वेसनची हँड इजेक्टर एवढाच साठा उरला. त्यात भर पडत नाही. गंजून, हरवून, ठाण्यात जमा होऊन तो घटतो. अमेरिकेत किरकोळ दरात मिळणारा नग इथे लाखांत जातो तो यामुळे.

ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात तर बंदूक हा घराच्या मानाचा भाग. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये छावणी टाकली, तिचेच लष्कर शहर झाले, आणि शिंद्यांबरोबर आलेल्या सरदार, शिलेदार, कारकून कुटुंबांत हत्यार बाळगण्याची रीत पिढीजात राहिली. परवान्याची मागणी इथे इतकी की २०१९ मध्ये जिल्हा प्रशासनाने अर्जदाराला आधी १० झाडे लावायला सांगितले होते. मराठी घरांतल्या रिव्हॉल्व्हरला आणखी एक दिवस माहीत असतो, खंडेनवमी. तलवार, कट्यार आणि शेजारी रिव्हॉल्व्हर अशी पाटावर मांडणी होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शिंदे घराण्याची शमीपूजा मांढरेच्या मातेच्या देवळापाशी होते. या पूजेसंबंधी एक कळकळीची सूचना. ओले गंध, हळद-कुंकू आणि अक्षता पोलादावर रात्रभर राहू देऊ नयेत. निळसर काळ्या मुलाम्यावर कुंकवाचा ओलसर ठिपका दोन दिवसांत तपकिरी डाग पाडतो आणि तो पुसून जात नाही. टिळा मुठीच्या लाकडाला लावावा, किंवा हत्याराखालच्या कापडाला.

लष्करमधल्या एका घरात मी ०.३२ चे एक वेब्ली पाहिले. आजींच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेले. नळीच्या टोकाला दोन्ही कडांचा मुलामा उडून खाली चांदीसारखे पोलाद दिसत होते, कारण चामड्याच्या पाकिटातून ते पन्नास वर्षे आत-बाहेर झाले होते. मुठीच्या मागच्या बाजूला तळहाताने घासलेली एक फिकट पट्टी. बाकी सगळीकडे मूळ मुलामा शाबूत, अक्षरे धारदार, स्क्रूच्या खाचा न चिरडलेल्या. चाप ओढल्यावर ‘टक्’ नेमका वेळेवर. अशा झिजेला प्रामाणिक झीज म्हणावे. ती कुठे पडावी तिथेच पडलेली असते. त्याच गल्लीत दुसऱ्या घरी तसेच दुसरे होते, नातवाने लग्नाच्या आधी निकल चढवून चकचकीत करून आणलेले. पॉलिशच्या चाकाने अक्षरांच्या कडा गोल झालेल्या, फ्रेम आणि बाजूच्या पत्र्यामधली केसासारखी रेघ रुंदावलेली. ते हत्यार चालते, पण त्याचा जुनेपणा गेला आणि त्याबरोबर अर्धी किंमत. नातवाने ते प्रेमानेच केले होते, म्हणून जास्त वाईट वाटते.

नग पारखताना पहिले काम सिलिंडर उघडून सगळी घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घेणे. मग घोडा अगदी सावकाश चढवावा. घोडा पूर्ण मागे येण्यापूर्वी सिलिंडर प्रत्येक घराला खिळ्यावर अडकलेच पाहिजे. एकच घर उशीर करत असेल तर दातेरी चक्राचा तो दाता झिजला आहे. सिलिंडर पुढे-मागे हलवून पाहावे. नळी आणि सिलिंडर यांतली फट दिव्यासमोर धरून बघावी, ०.१ ते ०.२ मिलिमीटर ही निरोगी फट. वेब्लीत बिजागरी खुळखुळते का, हे नळीला हलका हिसका देऊन कळते. नळीचे तोंड ठेचलेले नसावे. फ्रेम, सिलिंडर आणि नळीवरचे क्रमांक एक असावेत.

नावाने फसू नये. स्पेनमधल्या एइबार गावच्या अनेक कारखान्यांनी स्मिथ अँड वेसनच्या हुबेहूब नकला केल्या आणि नळीवर ‘स्मिथ अँड वेसन काडतुसांसाठी’ असे छापले. त्यातले कंपनीचे नावच मोठे. भारतातही या नकला आल्या आणि घराघरांत ‘असली अमेरिकन’ म्हणून जपल्या गेल्या. त्यांचे पोलाद मऊ असते, खिळा आणि पट्टी लवकर झिजतात. तसेच जुन्या छोट्या ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हर आणि नंतरचे ‘लाँग’ काडतूस यांची गल्लत होते. आखूड घरात लांब काडतूस बसत नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नये. ‘लाँग’ काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. तळावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात, किर्की फॅक्टरीची. पुण्याच्या पाहुण्याला ग्वाल्हेरात ही अक्षरे दाखवली की त्याला वेगळाच आनंद होतो.

जुन्या नगांत सुरक्षिततेचा एक मुद्दा वयाशी जोडलेला आहे. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या जहाजावर ‘व्हिक्टरी’ डेकवर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोडा आणि फ्रेम यांच्यामध्ये सरकणारी नवी अडसरपट्टी बसवली. कोल्टने तशी सोय १९०५ पासूनच केली होती. ‘पॉझिटिव्ह’ हे नाव त्याच कुलुपाचे. म्हणून फार जुन्या नगात घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची रीत पडली, आणि ती पाळावी.

नव्यांत कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ०.३२ रिव्हॉल्व्हर हे वेब्ली मार्क ४ चेच वंशज, मोडणाऱ्या नळीचे. २०१४ मध्ये हलक्या धातूचे ‘निर्भीक’ आले, २०२३ मध्ये बाजूला उघडणारे ‘प्रबल’. उत्तर प्रदेशातील संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने ०.३२ पुन्हा बनू लागले. नवी रिव्हॉल्व्हर चालवायला बरी आहेत, आणि ज्याला केवळ रक्षणासाठी हवे त्याने तीच घ्यावीत. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती होते. जुन्याचा एक स्प्रिंग तुटला तर महिनोन्‌महिने कारागीर शोधावा लागतो.

मालकी बदलताना कागदच सर्वस्व. आपल्या वापरातले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी माहिती देऊन ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा उरली, त्यामुळे कित्येक घरांतले आजोबांचे तिसरे हत्यार जमा करावे किंवा देऊन टाकावे लागले. परवानाधारक वारला की शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होते, आणि वारसाला परवाना मिळेपर्यंत ते तिथेच राहते. निवडणूक आली की आचारसंहितेच्या काळात चालू परवान्याची शस्त्रेही बऱ्याचदा जमा करायला सांगितली जातात. ठाण्याच्या मालखान्यात पावसाळा काढलेली कितीतरी सुंदर वेब्ली गंजाने खरवडून गेली आहेत, आणि ती हानी भरून निघत नाही.

म्हणून जमा करण्यापूर्वी हत्यार चामड्याच्या पाकिटातून काढावे. चामडे ओल धरते आणि आतल्या आत पोलाद खाते. नळीत आणि सहाही घरांत पातळ तेलाचा बोळा फिरवावा, बाहेरून तेलाचा हात द्यावा, मऊ सुती कापडात गुंडाळावे आणि पाकीट वेगळे द्यावे. पावतीवर कंपनीचे नाव, बोअर आणि क्रमांक यांबरोबर मुलाम्याची स्थिती आणि मुठीच्या लाकडाचा प्रकारही लिहून घ्यावा, आणि त्याच दिवशी दोन्ही बाजूंचे फोटो काढून परवान्याच्या फाइलीत ठेवावेत.