सुपर बोलच्या जाहिराती सामन्याचा भाग आहेत का? कॅनडातल्या वादाची पार्श्वभूमी

कॅनडाच्या प्रसारण नियामक मंडळाने २९ जानेवारी २०१५ रोजी एक निर्णय जाहीर केला. २०१७ पासून सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्याच्या, दिवशी कॅनडातील प्रेक्षकांना अमेरिकन वाहिनीवरचा सामना अमेरिकन जाहिरातींसकट पाहता यावा, असा तो निर्णय होता. षटक संपले रे संपले की जाहिरात आदळते आणि शेवटच्या चेंडूचा रिप्लेही धड बघायला मिळत नाही, ही आपली क्रिकेटमधली जुनी कुरकुर. कॅनडातली कुरकुर नेमकी उलटी होती. अमेरिकन जाहिराती दाखवत नाहीत, अशा तक्रारी लोक वर्षानुवर्षे करत होते. त्या मान्य करताना मंडळाने कारण दिले की, या एका कार्यक्रमापुरत्या अमेरिकन जाहिराती त्या सोहळ्याचाच अविभाज्य भाग आहेत. या एका वाक्यावरून पुढे पाच वर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या. जाहिरातीला ‘सोहळ्याचा भाग’ म्हणण्यापर्यंत गोष्ट कशी आली, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

सामना तीन तासांहून अधिक चालतो, पण त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटे. बाकी सगळी थांबण्याची जागा. तिच्यातूनच दोन वेगवेगळ्या गोष्टी वाढल्या : एक मधल्या विश्रांतीतला कार्यक्रम आणि दुसरी जाहिराती. प्रेक्षक दोन्ही एकाच बैठकीत पाहतो, म्हणून त्याला त्या एकच वाटतात. मालक मात्र वेगळे आहेत. मध्यंतर लीगचे, म्हणजे सामना भरवणाऱ्या संघटनेचे, असते, जाहिरातींची वेळ वाहिनी विकते. कॅनडातल्या वादाची गोम हीच होती आणि तिकडे बहुतेकांचे लक्ष गेले नाही, असे मला वाटते.

मध्यंतराची कथा आधी. पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसला झाला. तेव्हा त्याचे अधिकृत नावही सुपर बोल नव्हते आणि मैदानात हजारो खुर्च्या रिकाम्या होत्या. दोन वाहिन्या एकाच वेळी सामना दाखवत होत्या. विश्रांतीत विद्यापीठांची बँडपथके, फुगे, कबुतरे आणि पाठीवर यंत्र बांधून उडणारी दोन माणसे असा कार्यक्रम झाला. उत्तरार्धाची पहिली किक मारली गेली तेव्हा एक वाहिनी विश्रांतीतून मैदानावर परतलीच नव्हती, म्हणून ती किक पुन्हा मारायला लावली. खेळाने टीव्हीसाठी थांबायचे, हे पहिल्याच दिवशी ठरून गेले.

त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मध्यंतर म्हणजे नाट्यगृहातल्या मध्यंतरासारखेच होते : उठायचे, काहीतरी खाऊन यायचे, घंटा झाली की परत बसायचे. १९९२ साली याचा फटका बसला. मिनियापोलिसच्या सामन्यात विश्रांतीला हिवाळ्याच्या थीमवरचा स्केटिंगचा कार्यक्रम होता. त्याच वेळी एका नव्या, प्रतिस्पर्धी वाहिनीने आपल्या विनोदी मालिकेचा खास भाग थेट दाखवला. सामना पुन्हा सुरू व्हायला किती वेळ उरला, हे सांगणारे घड्याळही पडद्यावर लावले. सुमारे दोन कोटी लोक तिकडे वळले. पुढच्या वर्षी, ३१ जानेवारी १९९३ रोजी, लीगने पॅसाडेनाच्या मैदानावर मायकल जॅक्सनला उभे केले. तो मंचावर आला आणि सुमारे दीड मिनिट नुसता पुतळ्यासारखा उभा राहिला. एवढ्या महाग वेळेतले दीड मिनिट शांत उभे राहण्यात घालवण्याचे धाडस त्याआधी कोणी केले नव्हते. हाच गायक १ नोव्हेंबर १९९६ ला मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात आला. त्या कार्यक्रमाच्या करमणूक कर माफीवरून महाराष्ट्रात किती काळ वाद चालला, हे वेगळे सांगायला नको.

१९९३ नंतर मध्यंतर हा स्वतंत्र कार्यक्रमच झाला. एरवी बारा-तेरा मिनिटांची असणारी विश्रांती या दिवशी अर्ध्या तासाच्या आसपास जाते. कलाकाराला मानधन मिळत नाही, निर्मितीचा खर्च लीग आणि प्रायोजक उचलतात. काही कलाकारांनी वर स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर घातले आहेत. २००४ साली ह्यूस्टनला गायिकेचा पोशाख फाटून क्षणभर, म्हणजे एका सेकंदाच्या नऊ सोळांश इतका वेळ, अंगप्रदर्शन झाले. त्यावरून अमेरिकेच्या नियामक आयोगाने वाहिनीला ५,५०,००० डॉलरचा दंड केला. तो दंड २००८ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले, २०११ मध्ये पुन्हा रद्द झाला आणि २०१२ मध्ये विषय संपला. दंड टिकला नाही. गायिकेच्या कारकिर्दीचे झालेले नुकसान मात्र भरून आले नाही. तिच्याबरोबर मंचावर असलेला, ज्याच्या हाताने तो पोशाख फाटला तो गायक २०१८ मध्ये याच मंचावर सन्मानाने परतला. हा अन्याय होता, असेच म्हणावे लागेल.

अलीकडे मध्यंतराचा पसारा सामन्याहूनही मोठा झाला आहे. २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सामन्याला अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख प्रेक्षक होते, मध्यंतराला १३ कोटी ३५ लाख. २०२६ साठी पोर्तो रिकोच्या, स्पॅनिशमध्ये गाणाऱ्या कलाकाराची निवड जाहीर होताच एका उजव्या संघटनेने त्याच वेळेसाठी पर्यायी कार्यक्रम घोषित केला. समोर दुसरा कार्यक्रम लावण्याची १९९२ ची युक्ती राजकारणाने उचलली.

आता दुसरा धागा, जाहिरातींचा. पहिल्या सामन्यात तीस सेकंदांचा भाव एका वाहिनीवर ३७,५०० डॉलर आणि दुसरीवर ४२,५०० होता. २०२५ मध्ये तो ८० लाखांवर गेला. मधल्या काळातला टप्पा म्हणजे २२ जानेवारी १९८४. अ‍ॅपलने नव्या संगणकाची एक मिनिटाची जाहिरात तिसऱ्या सत्रात दाखवली, त्यात संगणक कुठेच नव्हता. कंपनीच्या संचालक मंडळाला ती आवडली नव्हती आणि घेतलेली वेळ विकून टाकायचेही ठरले होते. तीस सेकंद विकलेही गेले, एक मिनिटाला गिऱ्हाईक मिळाले नाही, म्हणून ती दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी लोक सामन्याइतकेच तिच्याबद्दल बोलत होते. १९८९ पासून एका राष्ट्रीय दैनिकाने प्रेक्षकांनी जाहिरातींना दिलेल्या गुणांवरून क्रमवारी छापायला सुरुवात केली. जाहिरातीला धावफलक मिळाला.

कॅनडातला प्रेक्षक हे सगळे वाचत होता, ऐकत होता. पाहू मात्र शकत नव्हता. याचे कारण म्हणजे सिमसब.

हा शब्द तिकडच्या वर्तमानपत्रांत इतका सरसकट वापरला जातो की त्याचा अर्थ बहुतेकांना अर्धवटच ठाऊक असतो. पूर्ण रूप ‘सायमल्टेनियस सब्स्टिट्यूशन’, म्हणजे एकाच वेळी होणारी अदलाबदल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ही व्यवस्था चालू आहे. समजा, एका कॅनेडियन वाहिनीने अमेरिकन कार्यक्रमाचे कॅनडापुरते हक्क विकत घेतले आणि अमेरिकन वाहिनी दाखवते त्याच वेळी तो दाखवला. तर तिच्या मागणीवरून केबल आणि उपग्रह कंपन्यांनी अमेरिकन वाहिनीच्या जागीही कॅनेडियन वाहिनीचाच संकेत सोडायचा. प्रेक्षकाने अमेरिकन वाहिनीचा क्रमांक दाबला तरी चित्र कॅनेडियन वाहिनीचे. खेळ तोच, समालोचन तेच, मध्यंतरातले गाणे तेच. बदलतात फक्त जाहिराती.

बरेच जण याला सेन्सॉरशिप म्हणतात. ते बरोबर नाही. यात काही कापले जात नाही, एक संकेत काढून दुसरा ठेवला जातो. काही जण म्हणतात की हा सरकारचा अमेरिकन संस्कृतीला विरोध आहे. तेही नाही, कारण कार्यक्रम तर अमेरिकनच राहतो. हे हक्कांच्या पैशाचे संरक्षण आहे. शेजारच्या देशाची वाहिनी आपल्या घरात येत असेल, तर कॅनडापुरते हक्क विकत घेण्याला किंमतच उरणार नाही, म्हणून ही सोय. बातम्या आणि स्थानिक कार्यक्रम याच उत्पन्नावर चालतात, असे वाहिन्यांचे म्हणणे आणि त्यात तथ्य आहे. आणखी एक तपशील महत्त्वाचा : ही अदलाबदल केबल आणि उपग्रहावरच होते. टोरांटोच्या परिसरात छपरावर अँटेना लावून तो सरोवरापलीकडच्या, अमेरिकेतल्या बफेलो शहराकडे वळवला की अमेरिकन जाहिराती फुकट दिसतात. म्हणजे एकाच गल्लीत एका घरी एक जाहिरात, शेजारच्या घरी दुसरी. टोरांटो-मिसिसागाकडच्या मराठी घरांनाही ही गंमत नवी नाही.

मंडळाने सिमसब रद्द केले नाही. वर्षातल्या एका रविवारच्या एका कार्यक्रमापुरते ते उठवले. वाद पेटला तो यावरूनच. हक्क विकत घेतलेल्या वाहिनीचा सवाल होता की, आम्ही करार केला तेव्हा नियम वेगळा होता, मग मध्येच एकट्या आमच्याच कार्यक्रमावर हा घाला का? जाहिराती तर इंटरनेटवर बघायला मिळतातच. या दुसऱ्या युक्तिवादात दम होता. २०११ मध्ये एका मोटार कंपनीने आपली जाहिरात सामन्याच्या काही दिवस आधीच यूट्यूबवर टाकली आणि सामन्याआधीच ती लाखो लोकांनी पाहिली. तेव्हापासून हा रिवाजच पडला. तरीही लोकांना ती त्या संध्याकाळी, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदाच पाहायची असते. लग्नाचा व्हिडिओ नंतर मिळतो म्हणून कोणी लग्नाला जायचे थांबत नाही. प्रेक्षकांची मागणी समजून घ्यायला हे पुरेसे आहे, आणि माझ्या मते मंडळाने ती बरोबर ओळखली होती.

५ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅनडातल्या केबलवर पहिल्यांदा अमेरिकन जाहिराती दिसल्या. कॅनेडियन वाहिनीने प्रेक्षक टिकवण्यासाठी सामना आपल्या आणखी दोन वाहिन्यांवर लावला, बघणाऱ्यांसाठी बक्षिसांची स्पर्धाही ठेवली. तरी प्रेक्षक सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. वाहिनी न्यायालयात गेली होतीच. तिच्याबरोबर अमेरिकेतली लीगही गेली होती. वरवर पाहता हे विचित्र वाटते : अमेरिकन लीगने अमेरिकन जाहिरातींना विरोध का करावा? पण जाहिराती लीगच्या नव्हेतच. लीगचा माल म्हणजे हक्क, आणि कॅनडात जाहिरात बदलता येत नसेल तर त्या हक्कांचा भाव पडणार.

डिसेंबर २०१७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. कॅनडाच्या प्रसारण उद्योगाला जपण्यासाठी केलेला कायदा अमेरिकन जाहिराती आणायला वापरला जातोय, यातली विसंगती न्यायालयाने बोलून दाखवली, पण ते मंडळाच्या अधिकारात आहे असे मानले. दरम्यान अमेरिकेने व्यापार करारातही हा मुद्दा घुसवला. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांनी सही केलेल्या कराराच्या एका परिशिष्टात, कॅनडाने हे धोरण मागे घ्यावे आणि या कार्यक्रमाला इतर अमेरिकन कार्यक्रमांसारखेच वागवावे, असे कलम आहे. गाड्या, दूध आणि औषधांच्या कलमांबरोबर एका सामन्यातल्या जाहिराती. हक्कांत केवढा पैसा असतो, ते यावरून दिसते.

१९ डिसेंबर २०१९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी मंडळाचा आदेश रद्द केला. त्याच दिवशी रशियन हेरांच्या टोरांटोत जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाचा निकालही लागला. सरकारी संस्थांच्या निर्णयांची तपासणी न्यायालयांनी कशी करावी, याची नवी चौकट नागरिकत्वाच्या निकालात आखली गेली आणि जाहिरातींच्या निकालात ती लगेच लागू झाली. त्यामुळे तिथल्या प्रशासकीय कायद्याच्या चर्चेत ही दोन प्रकरणे जोडीने येतात.

निकालाचा आधार मात्र अगदी अरुंद होता. कायद्यातल्या ज्या पोटकलमाखाली आदेश काढला गेला, त्यानुसार मंडळ केबल कंपन्यांना अमुक वाहिनी दाखवा आणि अमुक अटींवर दाखवा असे सांगू शकते. एका वाहिनीवरच्या एका कार्यक्रमाबद्दल असा आदेश देण्याचा अधिकार त्यात नाही, असे बहुमताने ठरले. असहमत दोन न्यायमूर्तींच्या मते मंडळाने लावलेला अर्थ वाजवी होता आणि प्रसारणाच्या कामात त्याला एवढी मोकळीक हवी. जाहिराती सोहळ्याचा भाग आहेत की नाहीत, यावर बहुमताच्या निकालात उत्तर नाही. त्या प्रश्नापर्यंत जाण्याची गरजच पडली नाही.

२ फेब्रुवारी २०२० च्या सामन्याला केबलवर पुन्हा कॅनेडियन जाहिराती आल्या. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी तीनच वर्षे कॅनडातल्या केबलवर तो सामना सीमेपलीकडच्या घरात जसा दिसतो तसा दिसला. अमेरिकन जाहिराती त्याच संध्याकाळी बघायच्या असतील, तर टोरांटोकरांना अजूनही छपरावरचा अँटेना बफेलोकडेच वळवावा लागतो.