चाळिशी लागली म्हणून काम का सुटावं?

कोल्हापुरी चपलेची वेणी घालताना कधी जवळ बसून बघा. चामड्याची बारीक वादी, तिचा पीळ, आरीनं पाडलेलं इवलंसं छिद्र आणि त्यातून नेमका ओढलेला टाका. जन्मभर हेच काम केलेला कारागीर चाळिशी ओलांडली की उजेडासाठी हळूहळू दाराकडे सरकतो. मग पट्टा हातभर लांब धरायला लागतो. पुढे नाजूक काम दुसऱ्या कुणाकडे जातं आणि घरातच बोललं जातं, ‘आता यांच्यानं होत नाही.’

हात तर तेच असतात. बदललेलं असतं डोळ्यातलं भिंग. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आवळतो आणि लवचीक भिंग फुगतं. वयाबरोबर ते ताठर होत जातं, मग स्नायूनं जोर लावला तरी पुरेसं फुगत नाही. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, म्हणून तर आपल्याकडे या चष्म्याचं नावच ‘चाळिशी’ पडलं.

त्या चष्म्यानं किती फरक पडतो, हे आसामच्या चहामळ्यांत मोजलं गेलंय. चाळिशी गाठलेले, जवळचं धूसर दिसणारे 751 पानं खुडणारे कामगार घेतले. निम्म्यांना लगेच चष्मे दिले, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. रोज खुडलेल्या पानांचं वजन तेवढं बघितलं. 2018 मध्ये निकाल आला: चष्मेवाल्यांच्या कामातली वाढ इतरांपेक्षा जवळपास 22 टक्क्यांनी जास्त होती. पन्नाशीपुढच्यांत तर त्याहूनही जास्त. ना नवं यंत्र, ना प्रशिक्षण. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण ‘वय झालं’ म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातलं कितीतरी परत मिळू शकतं.

फिनलंडमध्ये 1981 पासून 11 वर्षं नगरपालिकांच्या हजारो कामगारांचा असाच मागोवा घेतला गेला. त्यातून कार्यक्षमता मोजायची एक प्रश्नावली तयार झाली. तिचा पहिलाच प्रश्न बघा: उमेदीच्या काळातल्या तुमच्या कामाला 10 गुण दिले, तर आजच्या कामाला किती द्याल? सगळे प्रश्न मिळून 7 ते 49 गुण होतात. वय वाढूनही ज्यांचे गुण वाढले, त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी ठळक दिसल्या. फावल्या वेळात चांगला घाम गाळणारा व्यायाम, कामात तीच ती हालचाल कमी होणं, आणि वरिष्ठाची वागणूक सुधारणं. व्यायाम सोडला तर बाकीच्या दोन गोष्टी कामगाराच्या हातात नाहीत. त्या मुकादमाच्या आणि मालकाच्या हातात आहेत.

आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांना, हे थेट लागू पडतं. साच्याच्या पेट्या उचलून उचलून पन्नाशीच्या आत कंबर धरलेला मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारा कामगार, बहुतेक वेळा गेटवर बसवला जातो. याला मी नुकसान म्हणतो, त्याचंही आणि कारखान्याचंही. मूठभर वाळू दाबायची, मूठ उघडायची, गोळा मधोमध मोडून कड बघायची आणि ओल कमी की जास्त ते सांगायचं, हे त्याच्या बोटांत वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. बिघडलीय ती कंबर. तिच्यासाठी पेटीवर चेन पुली लावा, कामाचा ओटा कमरेच्या उंचीला आणा, आणि त्याला वाळूपाशीच ठेवा. शेजारी एक नवखा पोरगा उभा करा, म्हणजे मूठ कशी दाबायची ते त्यालाही कळेल.