ॲपला गाणं कळत नाही, तरी ते सापडतं कसं?

"मामा, ॲपला गाणं कळतं ना, मग मी सांगितलेलं का कळत नाही?" होटगी रोडवरच्या एका कॅफेत ऐकलेलं गाणं माझ्या भाच्याच्या डोक्यातून जात नव्हतं, त्यावरून हा प्रश्न आला. त्याचं वर्णन असं: जॅझ आहे, पण इलेक्ट्रॉनिक, खाली एकसारखा ठेका, वर ट्रम्पेट आणि एक बाई तेच तेच शब्द म्हणत राहते. शब्द कोणते, ते आठवत नाही.

हेच वर्णन त्याने एआयच्या चॅटमध्ये टाकलं होतं. क्षणात तीन नावं आली आणि त्यातलं एक गाणं शोधून शोधून कुठेच सापडेना. असे प्रोग्राम वर्णनाला शोभेलशी वाक्यं जुळवतात. गायकाचं नाव आणि साल ठणकावून सांगितलं म्हणून गाणं अस्तित्वात येत नाही. 'एआयला सगळं माहीत असतं' हा आजचा सगळ्यात महागडा गैरसमज आहे.

मला मात्र ओळख पटली ती त्या 'तेच तेच' म्हणणाऱ्या बाईमुळे. सां जर्मां या नावाने संगीत करणारा फ्रेंच संगीतकार लुदोविक नवार याच्या २००० सालच्या 'टूरिस्ट' अल्बममधलं 'रोझ रूज'. ऐकवलं आणि पोरगं खुर्चीतून उठलंच. तो आवाज अमेरिकन गायिका मार्लेना शॉ हिचा. १९७३ साली स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रो महोत्सवात ती 'वुमन ऑफ द घेटो' गात होती, त्या रेकॉर्डिंगमधला तुकडा कापून नवारने आपल्या ठेक्यावर बसवला. याला सॅम्पलिंग म्हणतात.

माणसाची ओळखण्याची ताकद अफाट आहे. १९९९ साली मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी लोकांना लोकप्रिय गाण्यांचे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढे तुकडे ऐकवले आणि पाच नावांच्या यादीतून गाणं ओळखायला सांगितलं. नुसत्या अंदाजाने जेवढी उत्तरं बरोबर यावीत त्यापेक्षा खूप जास्त आली. एवढ्याशा वेळात ना चाल असते ना ताल. असतो तो ध्वनीचा पोत, ज्याच्यामुळे एकाच स्वरातली सनई आणि बासरी वेगळी कळते. हा पोत कानाला लगेच ओळखू येतो, पण तो सांगायला आपल्यापाशी 'घोगरा', 'गोड', 'खणखणीत' असे चार शब्द. म्हणून वर्णनं इतकी तोकडी पडतात.

आता ॲपकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये गाणी ओळखणारं शझाम सुरू झालं तेव्हा ते ॲप नव्हतंच. २५८० नंबर लावायचा, फोन स्पीकरकडे धरायचा, थोड्या वेळाने एसएमएसने गाण्याचं नाव यायचं. आपला कान २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) ऐकतो, आणि साध्या फोनवरून जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झ जातात. त्यात आजूबाजूची बडबड, कपबशांचा आवाज. तरी गाणं सापडायचं. ही युक्ती शझामच्या संस्थापकांपैकी एक, एव्हरी वँग यांची. २००३ साली त्यांनी ती शोधनिबंधात मांडली.

सोलापुरी चादरीचं डिझाइन जेकार्ड मागावर चढण्याआधी ग्राफ पेपरवर उतरतं आणि चौकोन भरत भरत मोर तयार होतो. गाण्याचाही तसाच ग्राफ काढायचा. आडवी वेळ, उभी वारंवारता (म्हणजे स्वर किती उंच), आणि ज्या क्षणी जी वारंवारता जोरात वाजते तो चौकोन गडद. मग वँग यांनी धाडसी गोष्ट केली: आजूबाजूच्या चौकोनांपेक्षा ठळक असलेले तेवढे ठिपके ठेवले, बाकी सगळं पुसून टाकलं. पोत गेला, शब्द गेले, भावना गेली. पण गोंगाटात टिकतात ते हेच ठिपके. कॅफेतल्या मिक्सरने नवे ठिपके पडतील, काही जुने झाकले जातील, तरी पुरेसे आपापल्या जागी राहतात.

एकट्या ठिपक्याला मात्र ओळख नसते. ४४० हर्ट्झचा ठिपका लाखो गाण्यांत असेल. म्हणून जोड्या करायच्या: पहिल्या ठिपक्याची वारंवारता, दुसऱ्याची वारंवारता आणि दोघांमधलं वेळेचं अंतर. प्रत्येकाला १०२४ पायऱ्या धरल्या तर १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे सुमारे १०७ कोटी वेगवेगळ्या जोड्या होतात. एकट्या ठिपक्यापेक्षा ही ओळख साधारण दहा लाख पटींनी नेमकी. प्रत्येक जोडी गाण्यात कितव्या सेकंदाला येते, याची नोंद आधीच करून ठेवलेली असते.

पुढची पायरी जरा सावकाश वाचा, सगळी युक्ती तिथेच आहे. समजा, तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक जोडी ३ऱ्या सेकंदाला सापडली आणि एका गाण्यात तीच ७२व्या सेकंदाला आहे. फरक ६९. पुढची जोडी तुमच्याकडे ४.५ला, गाण्यात ७३.५ला. फरक पुन्हा ६९. तिसरीचाही ६९. चुकीच्या गाण्यातही योगायोगाने जोड्या जुळतात, पण त्यांचे फरक १२, २०५, ४१ असे विखुरलेले येतात. ज्या गाण्यात एकाच फरकावर जुळण्यांचा ढीग साचतो, ते तुमचं गाणं. मशीनला चाल कळलेली नाही, ते जॅझ आहे हेही कळलेलं नाही. वजाबाकी केली आणि ढीग मोजला, बस्स.

म्हणूनच ही पद्धत रेकॉर्डिंग ओळखते, रचना ओळखत नाही. तोच वादक तीच रचना दुसऱ्या दिवशी वाजवू लागला की ठिपके सरकतात, आणि जॅझमध्ये तर ते सरकवणं हीच कला. वेग किंवा पट्टी बदलली तरी तेच. इंटरनेटवर '४३२ हर्ट्झची दैवी कंपनं' म्हणून मूळ गाणी थोडी खाली उतरवून टाकलेली असतात, तीही या पद्धतीच्या हातून निसटू शकतात. त्या दैवी आकड्याबद्दल एवढंच सांगतो: हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद हे माप माणसाने ठरवलेलं आहे. ते वेगळं ठरलं असतं तर त्याच स्वराचा आकडा वेगळा आला असता. ब्रह्मांडाला आपलं घड्याळ माहीत नाही.

रेकॉर्डिंग हाताशी नसेल तर उरतं गुणगुणणं. इथे पट्टी सोडून द्यावी लागते, कारण मूळ गाणं काळी एकमध्ये असेल आणि तुम्ही पांढरी पाचमध्ये गुणगुणाल. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ साली एक कोश काढला, त्यात चाली फक्त तीन खुणांनी लिहिल्या होत्या: स्वर वर गेला, खाली आला, की तोच राहिला. 'जन गण मन' म्हणून बघा: वर, पुन्हा वर, मग बराच वेळ तोच. अशा १५ पावलांत १ कोटी ४३ लाखांहून जास्त आकार होतात, एवढ्याने पुष्कळ चाली वेगळ्या काढता येतात. सगळ्या नव्हे. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच. त्यांतला फरक चलनात, म्हणजे स्वर कसे फिरतात त्यात, आणि कुठल्या स्वरावर थांबायचं त्यात असतो, तो अशा तीन खुणांत मावणारा नाही.

२०२० साली गुगलने गुणगुणून शोधण्याची सोय दिली. तिथे चालीचं रूपांतर आकड्यांच्या माळेत होतं आणि त्यासाठी मशीनला गायलेली, शिट्टीत वाजवलेली, गुणगुणलेली उदाहरणं देऊन शिकवलेलं आहे. स्मृतीही आपल्याला वाटते त्याहून पक्की असते. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेव्हिटिन यांनी ४६ जणांना आवडीची गाणी मनाने म्हणायला लावली, तेव्हा दोन खेपांपैकी निदान एकदा सुमारे ४० टक्के लोक मूळ रेकॉर्डिंगच्या स्वरातच गायले.

इलेक्ट्रॉनिक जॅझ गुणगुणताना एक अडचण येते. भावगीताला मुखडा असतो, इथे तो बऱ्याचदा नसतो. आपण हौसेने ट्रम्पेटची फिरकी गुणगुणायला जातो, आणि ती फिरकी वादकाने एकदाच घेतलेली असते. लूपवर, म्हणजे सतत फिरवलेल्या तुकड्यावर, उभ्या असलेल्या गाण्यात खालचा बेस किंवा ती बाई म्हणते तो तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो दहा-पंधरा सेकंद, शब्दांशिवाय, 'ना ना' किंवा 'डा डा' करत म्हणा. ट्रम्पेट सोडून द्या.