‘इंद्रियदमन’: एका शब्दामागची पार्श्वभूमी

मुंबईतल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला जातो, तेव्हा पवित्र आत्म्याच्या फळाची ती ओळखीची यादी प्रीतीपासून सुरू होते आणि इंद्रियदमनापाशी येऊन थांबते. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता हे आठ शब्द ऐकणाऱ्याला सहज आपलेसे वाटतात. नववा मात्र जड जातो. शम (मनाची शांती), दम (इंद्रियांवर ताबा), तितिक्षा (सोसण्याची ताकद) ही आपल्याकडच्या साधनेची जुनी परिभाषा आहे, भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात शम आणि दम जोडीनेच येतात, आणि ‘दमन’ म्हटले की काहीतरी दाबून टाकण्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आत्मसंयमात वाढणे म्हणजे मन मारणे, असा समज आपल्या मंडळ्यांत घट्ट बसला आहे, त्याचे एक मूळ माझ्या मते या शब्दात आहे.

मूळ ग्रीक शब्द ‘एन्क्रातेया’ असा आहे. त्यातल्या ‘क्रातोस’चा अर्थ बळ किंवा सत्ता, म्हणून एन्क्रातेया म्हणजे स्वतःवर सत्ता असणे. हा शब्द पौलाने घडवलेला नाही. त्याच्या आधी चारशे वर्षे सॉक्रेटिसाच्या शिष्यांत तो रूढ होता, आणि झेनोफोनने तर त्याला सद्गुणांचा पाया म्हटले आहे. ग्रीकांच्या लेखी ती स्वतंत्र, सुशिक्षित पुरुषाने स्वबळावर मिळवलेली कमाई होती. पौलाने शब्द तोच ठेवला, पण त्याची जागा बदलली. त्याच अध्यायात तो देहाची ‘कर्मे’ अनेकवचनात मोजतो आणि आत्म्याचे ‘फळ’ मात्र एकवचनात सांगतो, म्हणजे नऊ गुण हे नऊ वेगळे पराक्रम नसून एकाच झाडाला लागलेले एक फळ आहे. इंद्रियदमन प्रीतीपासून तोडून एकटे वाढवता येत नाही, हे त्या व्याकरणातच आले.

याचा अर्थ पौलाला कष्ट नको होते, असा नाही. ग्रीसमधल्या करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत आणि पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता. करिंथकरांना लिहिताना तो धावपटूंचाच दाखला देतो, की नाशवंत मुकुटासाठी ते सर्व बाबतींत संयम पाळतात, मग आपण किती पाळावा. मात्र कलस्सैकरांच्या पत्रात, हे चाखू नको, त्याला शिवू नको अशा नियमांनी आणि नुसत्या देहदंडाने वासना आटोक्यात येत नाहीत, असेही स्पष्ट बजावले आहे. मेहनत हवी, पण मेहनतीचा गर्व नको. या दोन टोकांमधली ओढाताण पुढच्या सगळ्या इतिहासात दिसते.

पहिल्या पिढ्यांनी ती ओढाताण सामुदायिक शिस्तीने सोडवली. ‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या शिकवणपुस्तिकेत बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे वार नेमून दिले आहेत. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथात तर उपासाचा हिशेबच सांगितला आहे: त्या दिवशी जे अन्न खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. हा भाग मी प्रथम वाचला तेव्हा मला भायखळ्याच्या चाळीतली माझी आजी आठवली. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ती दुपारचा चहा सोडायची, आणि ज्या वेळी स्टोव्ह पेटायचा नेमक्या त्या वेळी फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्यात नाणे टाकायची. डब्याच्या तळाशी तिने कापडाचा तुकडा घातला होता, कारण नाण्याचा आवाज शेजारी जाऊ नये. पुनरुत्थानाच्या रविवारी डबा न मोजता, गिरणी संपानंतर घरी बसलेल्या एका कामगाराच्या बायकोकडे पोहोचायचा. तिने हर्मासचे नावही ऐकले नव्हते. अठराशे वर्षांची रीत अशीच, ग्रंथाच्या आधाराशिवाय, हातातून हातात आली आहे.

चौथ्या शतकात मंडळीवरचा छळ थांबला आणि कसोटीची जागा बदलली. इजिप्तच्या वाळवंटात अंतोनीसारखा साधक त्याआधीच एकांतात गेला होता, आता त्याच्यामागे अनेक जण गेले. वीस वर्षे एका ओसाड गढीत राहून अंतोनी बाहेर आला तेव्हा तो ना लठ्ठ झाला होता, ना उपासाने खंगला होता, असे त्याचा चरित्रकार अथनासियस मुद्दाम नोंदवतो. समतोल हीच त्याच्या लेखी खूण होती. सगळ्यांना तो साधला नाही. त्याच शतकात गांग्रा येथील धर्मसभेला विवाह आणि मांसाहार यांचा तिरस्कार करणाऱ्या कडव्या तपस्व्यांचा निषेध करावा लागला. पुढे सहाव्या शतकात बेनेदिक्तने मठासाठी नियम लिहिले, त्यात प्रार्थना, श्रम, वाचन आणि झोप यांच्या वेळा ठरवून दिल्या आणि फार जाचक असे काही घालायचे नाही, असे प्रस्तावनेतच सांगितले.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मठातल्या उपासांनी स्वतःच्या प्रकृतीची हानी करून घेतली होती. 1520 साली ख्रिस्ती स्वातंत्र्याविषयी लिहिताना त्याने शरीराला शिस्त लावणे नाकारले नाही. त्या शिस्तीने देवापुढे नीतिमान ठरता येते, एवढेच नाकारले. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या 1548 साली छापलेल्या आध्यात्मिक साधनेत एकच दोष निवडून दिवसातून दोनदा तपासायचा, वहीतल्या रेघांवर खुणा करायच्या आणि कालच्या खुणा आजच्याशी ताडून पाहायच्या, अशी पद्धत आहे. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने तीच तपासणी लहान गटांत नेली, जिथे प्रत्येकाला दर आठवड्याला आपल्या जिवाची खबर इतरांना द्यावी लागे. संयम एकट्याने वाढत नाही, हे मला वेस्लीच्या या व्यवस्थेत सर्वांत स्वच्छ दिसते.

मुंबईत हे प्रवाह वेगवेगळ्या वाटांनी आले. वसई आणि वांद्र्याकडे पोर्तुगीज काळापासून प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचा तो उपासकाळ, आणि शुक्रवारचा मांसत्याग रुजला. 12 फेब्रुवारी 1813 रोजी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, आणि 1826 साली त्यांच्या मिशनने मराठी नवा करार छापला. ख्रिस्ती कल्पनांना मराठी शब्द शोधताना संस्कृत परिभाषेकडे जावे लागणे स्वाभाविक होते, पण त्या शब्दांबरोबर त्यांचे जुने अर्थही येत होते. पंडिता रमाबाईंना हे फार जाणवले होते. साध्या बायकांनाही कळावे म्हणून त्यांनी अनेक वर्षे खपून स्वतंत्र भाषांतर केले, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली प्रकाशित झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी उलट वाट धरली. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा बंधुसमाज उभा करताना इथल्याच संन्यासाला ख्रिस्ताच्या सेवेत आणले. मला दोघांचेही म्हणणे पटते: शब्द सोपा हवा, आणि त्यामागची इथली साधना फेकून देण्याजोगी नाही.

अलीकडच्या सोप्या भाषांतरांत ‘आत्मसंयमन’ हा शब्द दिसू लागला आहे. मंडळीच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मात्र मुले अजून जुनेच वचन पाठ करतात. बोटे मोजत आठ शब्द एका दमात येतात, नवव्यापाशी श्वास घेतला जातो, ‘इंद्रियदमन’ म्हणताना डाव्या हाताची अनामिका उघडते, आणि करंगळी तशीच मिटलेली राहते.