वीट उघडी की झाकलेली? नागपूरच्या जुन्या चर्चमागची पार्श्वभूमी

सदर, सिव्हिल लाइन्स किंवा कामठीतल्या एखाद्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा विषय निघाला की एक मागणी हमखास पुढे येते: गिलावा खरवडून काढा, आतली लाल वीट दिसू द्या, तेच मूळ रूप. ऐकायला हे पटतं. पण ही कल्पना आली कुठून आणि ती आपल्या भिंतींना लागू पडते का, हे तपासल्याशिवाय छिन्नीला हात घालू नये.

विदर्भाला वीट नवी नाही. मनसरला वाकाटक काळातली विटांची मोठी बांधकामं उत्खननात निघाली, पवनीचे स्तूप त्याहूनही जुने. भोसल्यांच्या नागपुरात दगडी जोतं, सागवानी खांब आणि विटांच्या भिंती ही वाड्यांची रीतच होती. चर्चच्या उघड्या विटेचा आग्रह मात्र यातून आलेला नाही. तो लंडनचा.

इंग्लंडमध्ये १७८४ पासून विटेवर कर होता. शहरातली बरीच प्रतिष्ठित घरं विटेचीच असत, पण वरून गिलावा करून दगडाचा भास निर्माण केला जाई. १८५० मध्ये कर उठला आणि त्याच वर्षी लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवर ऑल सेंट्स चर्चचं काम सुरू झालं. धुरकट शहरात, चहूबाजूंनी घरं असलेल्या अरुंद जागेत चर्च कसं असावं, याचा तो नमुना ठरला. गुलाबी विटेत काळ्या विटांचे पट्टे, वर सुमारे ६९ मीटर उंच मनोरा, आणि गिलावा नाही. सामग्री जशी आहे तशी दिसली पाहिजे, दगडाचा आव आणणं हा खोटेपणा, असं त्यामागचं तत्त्व होतं. तिथली वीट दगडापेक्षाही महाग पडली, कारण ती उघडी ठेवायची म्हणूनच निवडलेली, कडक भाजलेली होती. १८५९ मध्ये हे चर्च उपासनेसाठी खुलं झालं.

नागपूरचं ऑल सेंट्स १८५१ चं. नाव तेच, काळ तोच, परिस्थिती मात्र अगदी वेगळी. तेव्हा भोसल्यांची गादी शाबूत होती. राज्य खालसा झालं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. कामठीची छावणी १८२१ पासूनची, आणि अशा ठिकाणची बांधकामं बहुधा लष्करी इंजिनिअर उभी करत. रेल्वे नागपुरात पोचली १८६७ मध्ये. त्याआधी लांबून जड माल आणायचा तर बैलगाडीशिवाय वाहन नव्हतं, म्हणून आसपास मिळेल त्या दगडावर, मातीवर आणि चुन्यावर काम भागवावं लागे.

खरी मेख भट्टीत आहे. विटांचा ढीग रचून, मधे जळण भरून पेटवायचा, या पद्धतीत मधल्या विटा पक्क्या भाजतात आणि कडेच्या कच्च्या राहतात. एका ढिगात तीन-चार प्रतींची वीट निघते. सलग जळत राहणाऱ्या लांबट चराच्या भट्टीचं पेटंट १८७६ चं आहे, म्हणजे त्याआधीच्या भिंतींत मऊ वीट असणारच, हे बांधणाऱ्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो वर चुन्याचा गिलावा देई. चुन्यात सुरखी म्हणजे विटेची भुकटी मिसळायची, कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणी. त्या गिलाव्याने पाऊस अडायचा आणि आतली ओल बाहेरही पडायची. दगडाचा भास निर्माण करणं हा त्याचा हेतू नव्हता, भिंत जगवणं हा होता. त्यामुळे लंडनमधला 'खोटेपणा'चा आरोप आपल्या गिलाव्यावर ठेवणं मला सरळ अन्यायाचं वाटतं.

पुढे सिव्हिल लाइन्समध्ये उघड्या लाल विटेच्या सरकारी इमारती आल्या. त्यांची वीट एकसारखी भाजलेली, दर्जा म्हणजे विटांमधल्या फटी नीट भरलेल्या. त्या उघड्याच शोभतात आणि तशाच ठेवाव्यात. गोंधळ होतो तो या दोन पिढ्या एकाच तराजूत तोलल्यामुळे.

त्यात भर पडली सिमेंटची. पोरबंदरला १९१४ मध्ये आणि लगेच तेव्हा आपल्याच मध्य प्रांतात असलेल्या कटनीत कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर तर चुन्याची घाणी चालवणारेच उरले नाहीत. चुना भिजवून मुरवायला आठवडे लागतात, सिमेंट दुसऱ्या दिवशी घट्ट. चर्चच्या मंडळीच्या तुटपुंज्या निधीत काम उरकायचं असेल तर कोणीही सिमेंटच घेईल, त्यांना दोष देता येत नाही. पण परिणाम डोळ्यांना दिसतो. सिमेंटने भरलेली दर्ज चौकटीसारखी पुढे उभी राहते आणि मधली वीट आत खचत जाते. बोट फिरवलं की लाल भुकटी हाताला लागते. सिमेंटमधून ओलीला वाट नसते, म्हणून ती विटेतून बाहेर पडते. मे महिन्यात ४५ अंशांवर पाणी उडतं, त्यातला खार पृष्ठभागाशीच साचतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चुन्याची भिंत ही हालचाल थोडीफार सोसते, सिमेंटची सरळ तडकते.

नागपूरच्या ऑल सेंट्सला १९०३ च्या सुमारास कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान मिळाला आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातल्या सहा प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र आल्या, तो सोहळाही तिथलाच. अशा वास्तूंबद्दल बोलताना बहुतेकदा एवढंच सांगितलं जातं. भिंत कशाची आणि कोणत्या भट्टीतली, हे कोणी विचारत नाही.

दुरुस्तीचा निर्णय मात्र तिथूनच सुरू व्हायला हवा. आडोशाला हातभर चौकोनात गिलावा उतरवावा, वीट नखाने खरवडून पाहावी, दर्जेत चुना आहे की सिमेंट ते बघावं. वीट मऊ निघाली तर चुन्याचा गिलावा परत चढवावा आणि सिमेंट असेल तिथून ते हलक्या हाताने, यंत्र न लावता काढावं. वीट कडक निघाली, मूळ दर्जा नीट भरलेल्या दिसल्या आणि गिलावा नंतरच्या काळातला ठरला, तरच ती उघडी ठेवण्याचा विचार करावा.